दोर्दोन्यच्या खोऱ्यातली निवांत सुट्टी : किल्ले, जुनी गावं आणि वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फ्रान्सच्या नैर्ऋत्येला दोर्दोन्य नदी वाहते. तिच्या दोन्ही काठांवर चुनखडीचे उंच कडे आहेत, कड्यांवर किल्ले आणि कड्यांच्या पोटाशी गावं. तिथे सुट्टीला जाणाऱ्यांकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात ते इथे एकत्र केले आहेत. बरेचसे प्रश्न 'आठवड्यात किती ठिकाणं बसतील?' इथून सुरू होतात. त्यावर माझं मत आधीच सांगून टाकतो: एकच घर, एकच नदी आणि दिवसाला एकच मोठं ठिकाण. पुढची सगळी उत्तरं याच धोरणाने दिली आहेत.

१. दोर्दोन्य आणि पेरिगोर ही एकच जागा की दोन वेगळ्या?

जवळपास एकच. पेरिगोर हे जुन्या प्रांताचं नाव. फ्रेंच राज्यक्रांतीनंतर जिल्हे आखले गेले तेव्हा जिल्ह्याला नदीचं नाव मिळालं, पण स्थानिक माणसं अजून पेरिगोरच म्हणतात. त्याचे चार भाग मानतात: उत्तरेचा हिरवा, पेरिग्यो शहराभोवतीचा पांढरा, बेर्जेराकच्या द्राक्षमळ्यांचा जांभळा आणि सार्ला गावाभोवतीचा काळा. ओकच्या दाट, गर्द रानांमुळे तो काळा. किल्ल्यांची सर्वांत मोठी दाटी या काळ्या पेरिगोरमध्येच आहे, म्हणून खालची माहिती मुख्यतः त्याच भागाची आहे.

२. लुआर नदीकाठचे किल्ले जास्त प्रसिद्ध आहेत. ते सोडून इथे का यायचं?

लुआरकाठी आहेत ते राजवाडे. शांबोरचं बांधकाम १५१९ मध्ये फ्रान्सचा राजा पहिला फ्रान्स्वा याने सुरू केलं ते शिकारीसाठी आणि वैभव दाखवण्यासाठी. दालनं, जिने, छतं, बागा हे ज्यांना पाहायचंय त्यांनी लुआरलाच जावं, पॅरिसहून ते जवळही पडतं. दोर्दोन्यचे किल्ले लढण्यासाठी बांधलेले आहेत, आणि त्यांच्या पायथ्याची गावं अजून नांदती आहेत. किल्ला पाहून उतरलं की बेकरी, नदी, झाडाखालचा बाक. निवांतपणा हवा असेल तर माझा कौल दोर्दोन्यला. दोन्ही एकाच आठवड्यात कोंबू नका.

३. आम्ही सह्याद्रीतले गड भरपूर फिरलोय. तिथे आमच्यासाठी वेगळं काय?

हा प्रश्न मराठी माणसंच विचारतात, आणि मला तो फार आवडतो. गड पाहायची नजर तयार असेल तर या खोऱ्यात दुप्पट दिसतं.

पहिली गोष्ट म्हणजे सरहद्द. इंग्लंड आणि फ्रान्स यांच्यातलं शंभर वर्षांचं युद्ध १३३७ ते १४५३ असं चाललं, आणि त्यात दीर्घकाळ ही नदीच सीमारेषा होती. उत्तर काठावरचं बेनाक फ्रेंचांच्या बाजूचं, तर दक्षिणेचं कास्तेलनो बराच काळ इंग्रजांच्या ताब्यात. बेनाकच्या तटावर उभं राहिलं की पलीकडे कास्तेलनो समोर दिसतं. दोन्हीकडच्या पहारेकऱ्यांना एकमेकांच्या शेकोट्या दिसत असणार.

दुसरी गोष्ट म्हणजे दोम. फ्रान्सचा राजा तिसरा फिलिप याने १२८१ मध्ये कड्याच्या माथ्यावर हे तटबंदीचं नगर वसवलं. आपल्याकडे देवगिरीवर रामदेवराय यादव राज्य करत होता तो हा काळ. नदीच्या बाजूचा कडा इतका सरळ की तिथे तट बांधायची गरजच वाटली नाही. पुढे फ्रान्समधल्या कॅथलिक-प्रोटेस्टंट धर्मयुद्धांच्या काळात, १५८८ मध्ये, जोफ्रॉय द व्हिव्हाँ हा प्रोटेस्टंट सरदार मोजके शिपाई घेऊन रात्री नेमका तोच कडा चढून वर आला आणि आतून दरवाजा उघडून नगर घेतलं. सिंहगडाचा द्रोणागिरीचा कडा पाहिलेल्या माणसाला ही हकीकत समजावून सांगावी लागत नाही. दोमच्या त्या काठावर आज फरसबंद सज्जा आहे. तिथून खाली वाकून पाहा.

तिसरी गोष्ट: इथे बऱ्याच इमारतींची छपरं शाबूत आहेत. आपल्याकडे जोत्यांवरून वाडा कल्पावा लागतो. इथे चूल, धान्याची कोठी, पहाऱ्याची खोली जागेवर दिसते. कास्तेलनोमध्ये मध्ययुगीन युद्धकलेचं संग्रहालय आहे, तिथे दगड फेकणारी अवाढव्य लाकडी यंत्रं पूर्ण आकारात उभारली आहेत.

४. कोणत्या महिन्यात जावं?

मेचा उत्तरार्ध, जून किंवा सप्टेंबर. जुलै-ऑगस्टमध्ये सारा फ्रान्स सुट्टीवर असतो. नदीकाठचा रस्ता तुंबतो, पार्किंग मिळत नाही आणि घरांची भाडी चढतात. शाळेच्या सुट्टीमुळे आपल्याकडून मे महिन्यात जाणारे जास्त, त्यांच्यासाठी सूचना: १ मे, ८ मे आणि असेन्शनचा (येशूच्या स्वर्गारोहणाचा) गुरुवार या सार्वजनिक सुट्ट्या असतात. १ मे रोजी तर बहुतेक सगळं बंद. नोव्हेंबर ते मार्च या काळात कास्तेलनो उघडं असतं, पण इतर अनेक ठिकाणं बंद किंवा कमी वेळ चालू असतात.

सप्टेंबरचा आणखी एक फायदा प्रश्न १७ मध्ये आहे.

५. किती दिवस पुरतात?

एक पूर्ण आठवडा. भाड्याची घरं बहुधा शनिवार ते शनिवार दिली जातात, त्यामुळे विमानाची तिकिटं काढण्याआधी घराचे वार बघा. दोन-तीनच दिवस असतील तर सार्लात हॉटेल घ्या आणि फक्त बेनाक, ला रोक-गाजाक, दोम एवढंच करा.

६. व्हिसाला काय लागतं? गावातल्या भाड्याच्या घराचं बुकिंग चालतं का?

भारतीय पासपोर्टवर शेंगेन व्हिसा, म्हणजे फ्रान्ससह युरोपातल्या अनेक देशांचा सामायिक व्हिसा लागतो. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो, आणि निदान १५ दिवस आधी तो द्यावाच लागतो. उन्हाळ्यात भेटीच्या तारखा लवकर संपतात, म्हणून दोन-तीन महिने हातात ठेवा. प्रौढांसाठी मूळ शुल्क ९० युरो आहे, अर्ज स्वीकारणाऱ्या केंद्राचं शुल्क वेगळं. किमान ३०,००० युरोंचं संरक्षण देणारा प्रवास-आरोग्य विमा सक्तीचा.

भाड्याच्या घराचं बुकिंग चालतं. मात्र घरमालकाकडून नाव, पत्ता, तारखा आणि सगळ्या प्रवाशांची नावं असलेला करार घ्या.

दोन अडचणीचे अपवाद. फ्रान्समधल्या नातेवाइकाकडे उतरणार असाल तर त्यांना तिथल्या नगरपालिकेतून यजमानपणाचं अधिकृत पत्र काढावं लागतं. साधं निमंत्रण पुरत नाही. आणि सहलीत स्वित्झर्लंड-इटलीही असेल तर जिथे जास्त रात्री राहणार त्या देशाकडे अर्ज करायचा. ब्रिटनमध्ये राहणाऱ्या पण भारतीय पासपोर्ट असलेल्या मंडळींनाही शेंगेन व्हिसा लागतोच.

७. पॅरिसहून तिथे पोचायचं कसं?

दोन वाटा आहेत. एक बोर्दोमार्गे: पॅरिसच्या माँपार्नास स्टेशनहून वेगवान गाडी सुमारे दोन तासांत बोर्दोला नेते. तिथून सार्लाची प्रादेशिक गाडी मिळते. ती रमतगमत, द्राक्षमळ्यांतून आणि नदी ओलांडत जाते. दुसरी वाट पॅरिसच्या ओस्तेर्लित्झ स्टेशनहून लिमोजमार्गे ब्रीव किंवा सुयाकची, आणि पुढे भाड्याची गाडी. भारतातून रात्रभराचा विमानप्रवास करून त्याच दिवशी पॅरिसहून इथवर गाडी चालवत येऊ नका. जवळजवळ सहा तासांचं अंतर आहे आणि झोपेचं खोबरं झालेलं असतं. बोर्दोपर्यंत रेल्वेने या, एक रात्र थांबा आणि सकाळी तिथूनच गाडी घ्या. ब्रिटनमधून येणाऱ्यांना बेर्जेराकचं छोटं विमानतळ सोयीचं, तिकडून थेट विमानं येतात.

८. आमच्यापैकी कुणीच गाडी चालवत नाही. मग हा बेत सोडून द्यावा का?

सोडू नका, पण बेत लहान करा. सार्लाच्या जुन्या गावात मुक्काम करा. बाजार, गल्ल्या, चर्च, संध्याकाळचे चौक यात दोन दिवस आरामात जातात. सार्लापासून जुन्या रेल्वेमार्गावर सायकलींसाठी रस्ता केलेला आहे. तो कार्साककडे जातो, चढ फारसे नाहीत, भाड्याने इलेक्ट्रिक सायकल मिळते. बेनाक आणि ला रोक-गाजाकसाठी एक दिवस टॅक्सी ठरवा, चौघांत खर्च झेपतो. बसवर मात्र विसंबू नका. फेऱ्या तुरळक आहेत आणि त्यांचं वेळापत्रक शाळांच्या सोयीनं असतं.

९. आपल्या लायसन्सवर तिथे गाडी चालवता येते का? रस्ते कसे आहेत?

थोड्या दिवसांच्या प्रवाशाला येते. आरटीओतून इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट काढा, ते एक वर्ष चालतं. सोबत मूळ लायसन्स ठेवाच, नुसतं परमिट पुरत नाही. गाडी देणाऱ्या कंपन्या अनामत रकमेसाठी चालकाच्याच नावाचं क्रेडिट कार्ड मागतात. डेबिट किंवा फॉरेक्स कार्डवर अनेकदा नकार मिळतो. आपोआप गिअर बदलणारी गाडी हवी असेल तर बुकिंग करतानाच सांगा.

गाडी रस्त्याच्या उजव्या बाजूने चालते. गोल चौकात आधीपासून फिरत असलेल्या गाडीला पहिला मान. गावाच्या नावाची पाटी ओलांडली की वेगमर्यादा आपोआप ५०, वेगळी पाटी असो वा नसो. आडवी रेघ मारलेली नावाची पाटी आली की गाव संपलं. गावाबाहेर साध्या दुपदरी रस्त्यावर ८०, पाटी असेल तिथे ९०.

आणि एक नियम नीट लक्षात ठेवा: जिथे कसलीच खूण नाही तिथे उजवीकडून येणाऱ्या गाडीला आधी जाऊ द्यायचं, मग ती बारक्या गल्लीतून का येईना. पिवळा चौकोन टोकावर उभा केलेला दिसला की तुम्ही मुख्य रस्त्यावर आहात आणि प्राधान्य तुमचं.

रविवारी खेड्यातले पेट्रोल पंप माणसांविना चालतात. यंत्र कधीकधी परदेशी कार्ड घेत नाही, म्हणून शनिवारीच टाकी भरून घ्या.

१०. हॉटेल, घर की कुणाच्या घरातली खोली?

चार-पाच माणसं आणि आठवडाभराचा मुक्काम असेल तर 'गीत', म्हणजे स्वयंपाकघरासकट भाड्याचं गावाकडचं घर. चादरी-टॉवेल आणि शेवटची साफसफाई यांचे पैसे अनेकदा वेगळे असतात, ते आधी विचारा. दोघंच असाल तर 'शांब्र दोत': कुटुंबाच्या घरात खोली, सकाळचा नाश्ता भाड्यातच. काही यजमान रात्रीचं जेवणही देतात. सगळे एका टेबलाशी बसतात आणि गावाची खरी माहिती तिथेच कळते. शाकाहारी असाल तर बुकिंगच्याच वेळी कळवा, पोचल्यावर नव्हे.

जागा निवडताना सार्लापासून १५ किलोमीटरच्या आत आणि बेकरीपर्यंत पायी जाता येईल असं घर पाहा. सुंदर पण आडरानातलं घर घेतलं की पावासाठीही गाडी काढावी लागते.

११. पहिल्यांदाच जातोय. कोणते किल्ले, कोणती गावं चुकवू नयेत?

माझा क्रम असा आहे.

बेनाक सर्वांत आधी. नदीपासून दीडशे मीटर उंच कड्यावर, बाराव्या-तेराव्या शतकातला बुरूज अजून तसाच रोखून पाहणारा. इंग्लंडचा राजा सिंहहृदयी रिचर्ड याच्या ताब्यातही तो होता. खालच्या गावातून दगडी गल्ल्यांनी चढत जाणं हीच खरी मजा. सकाळी उघडताना पोचा.

कास्तेलनो दुसऱ्या दिवशी. बेनाक पाहून लगेच कास्तेलनो केलं तर दोन्ही डोक्यात एकमेकांत मिसळतात. आधी एका बाजूने नदी पाहा, रात्री झोपा, मग दुसऱ्या बाजूने.

ला रोक-गाजाक हे गाव कड्याला चिकटून उभं आहे. कडा दक्षिणाभिमुख असल्यामुळे ऊब टिकते, इतकी की तिथे ताडाची आणि केळीची झाडं वाढतात. कड्याचा धोकाही खरा आहे: १९५७ मध्ये दरड कोसळून घरं गेली आणि माणसंही दगावली. गावाच्या धक्क्यावरून गाबार नावाच्या सपाट लाकडी होड्या सुटतात. पूर्वी याच प्रकारच्या होड्यांतून ओकचं लाकूड आणि वाइन खाली बोर्दोच्या दिशेने जात असे. तासाभराची फेरी आहे, आणि दमलेल्या दिवशी याहून चांगला बेत नाही.

दोमची गोष्ट वर आलीच आहे. तिथे जुन्या दरवाजाच्या बुरुजांत १३०७ नंतर टेम्पल पंथाच्या (ख्रिस्ती लढाऊ संन्याशांच्या) सरदारांना कोंडलं होतं. त्यांनी भिंतीवर कोरलेल्या खुणा अजून आहेत. बाजारचौकाखाली लवणस्तंभांची गुहाही आहे.

मिलांद हा १४८९ चा, राहण्यासाठी बांधलेला देखणा वाडा. अमेरिकेत जन्मलेली कृष्णवर्णीय गायिका-नर्तिका जोसेफिन बेकर हिने तो १९४७ मध्ये विकत घेतला. दुसऱ्या महायुद्धात तिने फ्रेंच प्रतिकार चळवळीसाठी हेरगिरी केली होती. निरनिराळ्या देशांतली बारा मुलं दत्तक घेऊन तिने इथे संसार मांडला. पुढे कर्जापायी तिला हे घर गमवावं लागलं. २०२१ मध्ये पॅरिसच्या पाँतेऑ या राष्ट्रीय स्मारकात तिला मानाचं स्थान मिळालं. तिच्या खोल्या पाहताना मन जड होतं, आणि तरीही हे ठिकाण मी कुणालाही टाळू देणार नाही.

आठवड्याच्या शेवटी दक्षिणेला मोंपाझिएपर्यंत जा. इंग्लंडचा राजा पहिला एडवर्ड याने १२८४ च्या सुमारास वसवलेलं हे नगर. काटकोनात छेदणारे रस्ते, मधोमध कमानींचा चौक, लाकडी बाजारछत. गर्दी कमी आणि सपाट. दोर्दोन्य आणि वेझेर या नद्यांच्या संगमावरचं लिमोय गाव परतीच्या वाटेवर घेता येतं.

१२. सार्लाचा बाजार कोणत्या वारी? आणि गाव इतकं जसंच्या तसं कसं राहिलं?

बुधवारी सकाळी आणि शनिवारी. शनिवारचा मोठा. नऊच्या आत पोचा, नाहीतर गाडी लावायला जागा मिळत नाही.

गाव टिकलं ते कायद्यामुळे. १९६२ मध्ये फ्रान्सने जुन्या वस्त्या अख्ख्या जपण्याचा कायदा केला. त्याआधी सुटी स्मारकं जपली जात, गल्ली नाही. सार्ला हे त्या कायद्याखाली सर्वांत आधी दुरुस्त झालेल्या गावांपैकी एक. मधाच्या रंगाचे दगड, दगडी फरश्यांची जड छपरं. अनियंत्रित सत्तेविरुद्ध लिहिणारा एतिएन द ला बोएसी इथेच १५३० मध्ये जन्मला, त्याचं घर कॅथेड्रलसमोर आहे. जुन्या सेंट मेरी चर्चमध्ये आता झाकलेला बाजार भरतो. वास्तुकार जाँ नूव्हेल यांनी त्याला पोलादाची प्रचंड दारं बसवली आणि मनोऱ्यात काचेची लिफ्ट केली.

शनिवार हुकला तर: मंगळवारी ल ब्यूग, गुरुवारी दोम आणि मोंपाझिए, रविवारी सँ-सिप्रियाँ. उन्हाळ्यात बेल्व्हेससारख्या गावांत रात्रीचा बाजार भरतो. खाणं विकत घ्यायचं आणि चौकातल्या लांब टेबलांवर सगळ्यांबरोबर बसायचं. ताट-वाटी-चमचे घरून न्या.

१३. लास्कोची मूळ गुहा पाहता येते का?

नाही. आदिमानवाच्या भित्तिचित्रांची ही गुहा सप्टेंबर १९४० मध्ये गावातल्या पोरांना सापडली, आणि १९६३ मध्ये ती लोकांसाठी बंद झाली. हजारो माणसांच्या श्वासामुळे भिंतींवर शेवाळ धरू लागलं होतं. गुहेजवळच्या मोंतिन्याक गावात २०१६ पासून संपूर्ण प्रतिकृती आहे, आणि ती अत्यंत मन लावून केलेली आहे.

मूळ चित्रंच पाहायची असतील तर दोन जागा. लेझेझीजवळची फोंत-द-गोम, जिथे रंगीत रानगवे खऱ्या भिंतीवर आहेत. रोज अगदी मोजक्या लोकांना सोडतात, तेव्हा तिकीट खूप आधी घ्या. दुसरी रूफिन्याक. तिथे विजेच्या छोट्या गाडीतून डोंगराच्या पोटात नेतात आणि छतावरचे मॅमथ दाखवतात. चालायला त्रास होणाऱ्यांना हीच बरी. आत वर्षभर गारवा असतो, स्वेटर घ्या.

१४. आम्ही शाकाहारी आहोत. खाण्याचे हाल होतात का?

बाहेर खाण्यावर अवलंबून राहिलात तर थोडे होतात. हा बदकाचा प्रदेश आहे, आणि बदक फक्त तुकड्यांत नसतं, चरबीतही असतं. 'पॉम सार्लादेझ' हे लसणीवरचे बटाटे दिसायला अगदी आपल्या काचऱ्यांसारखे, पण बदकाच्या चरबीत परतलेले. लसणीचं सूपही बहुधा त्याच चरबीत. पेरिगोर सॅलडमध्ये बदकाच्या पोटातले तुकडे असतात. गरम बकरी-चीजच्या सॅलडवर कधी डुकराच्या मांसाचे बारीक तुकडे भुरभुरलेले असतात. म्हणून 'व्हेजिटेरियन' एवढं म्हणून थांबू नका. 'सां व्यांद, सां प्वासाँ, सां ग्रेस द कानार' असं सांगा: मांस नको, मासे नकोत, बदकाची चरबी नको. जे प्राणिज रेनेटही (दूध फाडायला वापरतात तो वासराच्या पोटातला पदार्थ) टाळतात त्यांनी चीजचं वेष्टण वाचावं, पारंपरिक चीजमध्ये ते असतंच.

आता चांगली बाजू. इथले अक्रोड, स्ट्रॉबेरी, रोकामादूरचं छोटं गोल बकरी-चीज, पाव, अळंब्या, उन्हाळ्यातले टोमॅटो. बाजारातून हे आणायचं, झाडाखाली बसून खायचं. रात्री गीतमध्ये वरण-भात. सुपरमार्केटात मसूर, चणे, तांदूळ सगळं मिळतं.

घरून काय नेता येतं, हाही प्रश्न याला जोडूनच येतो. युरोपीय संघाबाहेरून मांस आणि दुधाचे पदार्थ नेण्यास प्रवाशांना मनाई आहे. म्हणजे साजूक तूप, पेढे, बर्फी, पनीर नाही. ताजा कढीपत्ता, मिरच्या, आंबेही नाहीत, कारण ताज्या वनस्पतींना प्रमाणपत्र लागतं. भाजणी, मेतकूट, गोडा मसाला, चिवडा बिनधास्त न्या.

१५. दुपारी दोनला पोचलो तर सगळं बंद! असं नेहमी असतं का?

हो. दुकानं साधारण १२ ते २ बंद, खानावळी नेमक्या त्याच वेळी चालू आणि दोनला स्वयंपाकघर मिटलं की मिटलं. रात्रीचं जेवण सातच्या पुढे. सोमवारी बरीच दुकानं उघडतच नाहीत, रविवारी दुपारनंतर शुकशुकाट. या वेळापत्रकाशी भांडू नका: सकाळी किल्ला, बाराला जेवण, मग झोप, पाचनंतर गाव. उन्हाळ्यात उजेड साडेनऊपर्यंत असतो.

दुकानात शिरताना 'बोंझूर' म्हणायचं आणि मग काम सांगायचं. थेट प्रश्न विचारला तर तो उद्धटपणा वाटतो. खानावळीत 'यून काराफ दो' म्हटलं की नळाचं पिण्याचं पाणी फुकट मिळतं.

१६. आई-बाबा सत्तरीचे आहेत, गुडघे दुखतात. त्यांना झेपेल का?

निवडून नेलं तर झेपेल. बेनाकला खालून चढवू नका, गाडीने वरच्या पार्किंगपर्यंत जा. तरीही आतले जिने अवघडच आहेत. कास्तेलनोच्या चढावर आणि गोट्यांच्या फरसबंदीवर त्रास होतो. सोपी ठिकाणं: मोंपाझिए, सार्लाचा मधला भाग, दोमचा माथा, मिलांदचा बगीचा, गाबारची फेरी, रूफिन्याक. रोकामादूरला लिफ्टची सोय आहे (प्रश्न १८). घर घेताना झोपायची खोली आणि संडास तळमजल्यावर आहे का, हे फोटोवरून न ठरवता मालकाला विचारा. जुन्या घरांचे जिने फार उभे असतात.

१७. नकाशावर 'शातो' (किल्ला किंवा वाडा) दिसतो, पण तिथे गेलो तर फाटक बंद. का?

अनेक शातो ही लोकांची राहती घरं आहेत, काही वाइनचे मळे. नकाशावर नाव असलं म्हणून आत जाता येतं असं नाही, तिकिटाचे दर आणि वेळा जाहीर असतील तरच जा. सप्टेंबरच्या तिसऱ्या शनिवार-रविवारी मात्र वारसा दिन असतात, तेव्हा एरवी बंद असलेले कितीतरी वाडे उघडतात आणि काही ठिकाणी मालक स्वतः घर दाखवतात.

१८. रोकामादूर एका दिवसात होतं का?

होतं. ते शेजारच्या लोत जिल्ह्यात आहे, सार्लाहून तासाभराहून थोडं जास्त. कड्यात रचलेलं तीर्थक्षेत्र, वर काळ्या मूर्तीची मेरीमाता. भाविक २१६ पायऱ्या चढत, जुने लोक तर गुडघ्यांवर. गावातून देवस्थानापर्यंत आणि तिथून वर अशा दोन लिफ्ट आहेत. आधी ऑस्पिताले या वरच्या वस्तीच्या बाजूने दुरून पाहा, सगळा कडा एका नजरेत येतो. जवळचं पादिराकचं भुयार, जिथे जमिनीखालच्या नदीतून होडीने नेतात, त्याच दिवशी करायचं असेल तर तिकीट आधी घ्या. पण मी दोन्ही एकत्र करणार नाही.

१९. मुलांना कंटाळा येईल का? होडी वल्हवू देतात का?

कास्तेलनोत यंत्रांची प्रात्यक्षिकं, मिलांदला शिकारी पक्ष्यांचे खेळ. मुलं खूश होतात. कनू भाड्याने मिळते. दोमच्या खालून, सेनाकहून, बेनाकपर्यंत प्रवाहाबरोबर दोन-तीन तास लागतात आणि दोम, ला रोक-गाजाक, कास्तेलनो, बेनाक चारही नदीतून दिसतात. पोहता येणं आवश्यक, जीवरक्षक जाकीट सक्तीचं, अगदी लहान मुलांना घेत नाहीत. परतीची बस कंपनीचीच. पावसानंतर नदी फुगलेली असेल तर ते स्वतःच बंद ठेवतात. त्या दिवशी हट्ट करू नका.

२०. सतत पाऊस लागला तर?

गुहा (प्रश्न १३), सार्लाचा झाकलेला बाजार किंवा पेरिग्यो. तिथे रोमन घराच्या अवशेषांवर काचेचं संग्रहालय उभारलं आहे आणि घुमटांचं सेंट फ्राँ कॅथेड्रल आहे. पाऊस थांबला की संध्याकाळी मार्केसाकच्या बागेत जा. बॉक्सवुडची दीड लाख झुडपं गोलाकार कातरून डोंगराच्या सोंडेवर लाटांसारखी लावली आहेत, आणि टोकाच्या सज्जातून नदीकाठचे किल्ले दिसतात. जुलै-ऑगस्टमध्ये दर गुरुवारी रात्री तिथे मेणबत्त्या लावतात.

२१. तिकिटांचा खर्च किती धरावा?

मोठ्या किल्ल्यांना माणशी साधारण १० ते १५ युरो, लास्कोला त्याहून जास्त. गावं फिरायला पैसे पडत नाहीत, फक्त पार्किंगचे. दिवसाला एकच ठिकाण ठेवण्याचा हाही एक लाभ आहे. बाजारासाठी थोडी रोख जवळ ठेवा.

२२. सार्वजनिक तलावावर मुलाला पोहू दिलं नाही, कारण पोहायची चड्डी ढगळ होती. हे खरंच नियमात आहे?

आहे. नगरपालिकेच्या आणि पुष्कळ कॅम्पिंगच्या तलावांवर स्वच्छतेच्या कारणाने घट्ट पोहण्याचीच चड्डी चालते. रस्त्यावर घालता येईल अशी ढगळ चड्डी चालत नाही. टोपीही लागू शकते. भाड्याच्या घरातल्या खाजगी तलावाला हा नियम नाही. तिथे कुंपण किंवा गजर यांसारखी सुरक्षेची सोय मात्र कायद्याने लागते. लहान मुलं बरोबर असतील तर ती चालू आहे ना, हे चावी घेतानाच पाहून घ्या.